टोपीकरांच्या मुलखातली टोपीवाली

मेथीकूट

गेल्या रविवारी रद्दी काढताना एका जुन्या मासिकात एका गोऱ्या बाईचं रंगीत चित्र निघालं. तिरकी बसवलेली भलीथोरली काळी टोपी, तीवर पिसं, खाली पिंजारलेले केस, हातात गुलाबाची कळी आणि ओठांच्या कोपऱ्यात ‘मला सगळं ठाऊक आहे’ असं हसू. आईने विचारलं, “ही कोण गं?”

“डेव्हनशरची डचेस. जॉर्जियाना.”

“राणी होती?”

“नाही, बड्या सरदाराची बायको.”

“मग केलं काय तिनं?”

इथे मी अडखळले. सुंदर होती, पत्त्यात पैसे उडवले, नवऱ्याने सवत आणली, एवढंच पटकन तोंडात आलं. ‘सौंदर्यवती’ म्हणून नाव झालेल्या बायकांचं असंच होतं. म्हणून हा धागा. आईला जे तेव्हा सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय.

जन्म ७ जून १७५७, ऑलथॉर्पच्या स्पेन्सर घराण्यात. (होय, तेच ऑलथॉर्प. राजकुमारी डायना ही जॉर्जियानाच्या भावाच्या वंशातली.) जून १७७४मध्ये, सतरा पुरी होण्याच्या सुमारास लग्न. नवरा विल्यम कॅव्हेंडिश, डेव्हनशरचा पाचवा ड्यूक, वय पंचवीस. स्थळ म्हणाल तर अख्ख्या इंग्लंडात यापेक्षा वरचं फारसं नव्हतं. लंडनला पिकॅडिलीवर डेव्हनशर हाउस, डर्बीशरमध्ये चॅट्सवर्थचा राजवाडा, शिवाय ठिकठिकाणी जमिनी. माणूस मात्र घुम्या. कुत्री, पत्ते आणि ब्रुक्स क्लब, एवढ्यात त्याचं जग संपायचं. लग्नाच्या सुमारासच बायकांच्या टोप्या शिवणाऱ्या एका बाईपासून त्याला मुलगी झालेली होती. त्या मुलीची आई गेली आणि पोर डेव्हनशर हाउसमध्ये आली. जॉर्जियानाने तिला वाढवलं. तिला स्वतःला पहिलं मूल झालं ते थेट १७८३मध्ये, लग्नानंतर नऊ वर्षांनी. तेही मुलगी. म्हणजे वारस नाहीच.

या नऊ वर्षांत ती लंडनची फॅशन झाली. ‘ती फॅशन करायची’ असं मला म्हणायचं नाही. ती घालेल ती फॅशन. केसांचे तीन-तीन फुटी मनोरे, त्यात खोटे केस, पोमेड, पावडर, वर शहामृगाची पिसं. अशा डोक्यानिशी बग्गीत बसायचं तर सीट सोडून खाली बसावं लागे. वर्तमानपत्रं तिच्या रोजच्या कपड्यांवर रकाने भरत. रात्री फेरो नावाचा पत्त्यांचा जुगार. त्यात ती बुडाली ती कायमची. कर्जाचा खरा आकडा नवऱ्याला कधी सांगितला नाही. दर वेळी थोडा कमी करून सांगायचा, तेवढं फेडून घ्यायचं आणि उरलेल्यासाठी पुन्हा उसनं काढायचं. बँकर टॉमस कूट्सला तिने लिहिलेली पत्रं वाचवत नाहीत. शपथा, आणाभाका, ‘एवढ्या वेळी’. कूट्सही काही संत नव्हता. आपल्या मुलींना उच्चभ्रू घरांत वावरायला मिळावं, हा त्याचा हिशेब होता.

१७८२मध्ये बाथ गावी तिला लेडी एलिझाबेथ फॉस्टर भेटली, म्हणजे बेस. नवऱ्यापासून वेगळी झालेली, हातात पैसा नाही. जॉर्जियानाने तिला मैत्रीण म्हणून घरी आणलं. पुढची चोवीस वर्षं ती गेलीच नाही. ड्यूकपासून तिला दोन मुलं झाली. जॉर्जियाना दोघांवरही प्रेम करत राहिली, आणि हे मला अजून नीट उलगडत नाही. सिनेमावाल्यांना हाच भाग आवडतो, म्हणून तो इथे आवरता घेते.

माझ्या मते खरी जॉर्जियाना दिसते ती १७८४च्या वसंतात, रस्त्यावर.

वेस्टमिन्स्टर मतदारसंघ. जागा दोन, उमेदवार तीन. चार्ल्स जेम्स फॉक्स हा व्हिग पक्षाचा (राजाच्या सत्तेला लगाम घालू पाहणाऱ्या सरदारांच्या गोटाचा) पुढारी, जाड, गबाळा, जुगारी आणि बोलायला लागला की समोरचा विरघळेल असा. विरुद्ध बाजूला राजाच्या आणि पंतप्रधान धाकट्या पिटच्या गोटातले अ‍ॅडमिरल हूड आणि सर सेसिल रे. इतर बऱ्याच मतदारसंघांत मूठभर मतदार असत. इथे मात्र कर भरणाऱ्या घरमालक पुरुषांना मत होतं, त्यामुळे सुमारे बारा हजार मतदार: खाटीक, चांभार, मेणबत्तीवाले, दारूचे गुत्तेवाले. मतदान १ एप्रिलला सुरू झालं आणि १७ मेपर्यंत चाललं. रविवार सोडले तर चाळीस दिवस. गुप्त मतपेटी नाही. कॉव्हेंट गार्डनमधल्या लाकडी मांडवात सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने नाव घ्यायचं. त्यामुळे रोज संध्याकाळी आकडे कळत, आणि सुरुवातीला फॉक्स मागे पडत चालला होता.

अशात डचेस उतरली. अंगात निळा आणि पिवळसर, म्हणजे व्हिगांचे रंग. टोपीला कोल्ह्याचं शेपूट, कारण उमेदवाराचं आडनावच फॉक्स. बहीण हॅरिएटला बरोबर घेऊन ती गल्लीबोळांत शिरली, दुकानांत गेली, एका वस्तूचे चौपट पैसे मोजून ‘मत कुणाला?’ म्हणून विचारू लागली. मतदारांना आपल्या बग्गीतून मांडवापर्यंत पोचवू लागली. सरदारांच्या बायका निवडणुकीत भाग घेत नव्हत्या असं नाही. पण तो स्वतःच्या जहागिरीत, कुळांसमोर, हात हलवत. परक्या गल्लीत जाऊन खाटकाशी बरोबरीने बोलणं ही नवी गोष्ट होती.

आणि मग जे व्हायचं ते झालं. चुंबन देऊन मत विकत घेते, अशी आवई उठली. रोलँडसन आणि इतरांची व्यंगचित्रं छापखान्यांच्या खिडक्यांत लागली. डचेस खाटकाला मिठी मारतेय, डचेस फॉक्सला खांद्यावर घेऊन चाललीय, तान्ही मुलगी घरी रडतेय. विरुद्ध बाजूनेही लेडी सॉल्सबरीला प्रचारात उतरवलं होतं, पण तिच्या वाट्याला यातलं काही फारसं आलं नाही. शेवटी आईच्या बोलण्याने जॉर्जियाना खचली आणि लंडन सोडून सेंट ऑल्बन्सला आईकडे गेली. पण पक्षाला आकडे दिसत होते. परत ये, असं डचेस ऑफ पोर्टलंडचं पत्र गेलं आणि ही परत आली.

निकाल: हूड ६६९४, फॉक्स ६२३४, रे ५९९८. फॉक्स २३६ मतांनी आत. देशभर त्याचे जवळजवळ १६० समर्थक पडलेले असताना!

त्यानंतर असा उघड प्रचार तिने पुन्हा केला नाही. आईला आता हे सांगणार आहे.

---

शिळोप्या

वाचनखूण साठवली. पण ताई, मूळ प्रश्न तसाच राहिला की. पापी दिली का नाही?

---

मेथीकूट

वाटलंच होतं, पहिला प्रतिसाद हाच येणार. जॉर्जियानाने स्वतः नाही म्हटलं. बहिणीनं आणि इतरांनी दिली, आपल्यावर उगाच आळ, असा तिचा सूर होता. ‘डचेसबाईंच्या डोळ्यांवर माझी चिलीम पेटेल’ असं एक आयरिश कचरेवाला म्हणाला, अशी कथाही सांगतात. ती तिला म्हणे आयुष्यभर आवडायची. दरबारातल्या स्तुतीपेक्षा जास्त.

---

दौत_टाक

लेख छान, पण ही निवडणूक का झाली तेच राहिलं. आणि ते आपल्या दारातलं आहे.

फॉक्स सत्तेत होता. १८ नोव्हेंबर १७८३ला त्याने ईस्ट इंडिया बिल मांडलं. कंपनीचा कारभार संचालकांकडून काढून घ्यायचा आणि संसदेने नेमलेल्या सात जणांकडे द्यायचा. कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, पास झालं. पण ते सात जण फॉक्सच्याच गोटातले, म्हणजे हिंदुस्थानातल्या सगळ्या नेमणुका याच्या खिशात, अशी बोंब झाली. फॉक्स मोगली पोशाखात हत्तीवर बसून कंपनीच्या कचेरीवर चाललाय, असं ‘कार्लो खान’ नावाचं व्यंगचित्र निघालं आणि तुफान खपलं. ‘बिलाच्या बाजूने मत देईल तो माझा शत्रू’ असा निरोप राजा तिसऱ्या जॉर्जने लॉर्ड्समध्ये, म्हणजे सरदारांच्या सभागृहात, पसरवला. १७ डिसेंबरला बिल पडलं, लगोलग सरकार घालवलं आणि चोवीस वर्षांचा पिट पंतप्रधान झाला. मार्चअखेर संसद बरखास्त. तिथून आपली डचेस रस्त्यावर.

आता मागे जा. कंपनी संसदेच्या डोळ्यावर आली कशाने? कर्ज आणि लढाया. त्यातली एक लढाई म्हणजे राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी १७७५मध्ये सुरतेला तह केला त्यातून पेटलेली. वडगावला इंग्रज फौज शरण आली ती १७७९मध्ये. मिटलं ते सालबाईच्या तहाने, १७ मे १७८२ला. वेस्टमिन्स्टरचं मतदान संपलं १७ मे १७८४ला! बरोबर दोन वर्षं. योगायोग आहे, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

थोडक्यात, दादासाहेबांना गादी हवी होती म्हणून डचेसला खाटकाच्या दुकानात जावं लागलं.

---

भरतीओहोटी

शेवटचं वाक्य टाळीचं आहे, पण ओढून आणलेलं. कंपनीच्या कर्जाला हैदर अलीशी झालेली लढाई आणि बंगालमधली लूटही तितकीच कारण होती. नुसत्या राघोबांवर ढकलू नका, बिचाऱ्यांवर आधीच पुष्कळ आहे.

---

दौत_टाक

मान्य. ‘दादासाहेबांमुळेही’ असं वाचावं. पण जी बाजू हरली तिच्या जागी जे आलं ते तर आपल्याला भोगावं लागलं. ऑगस्ट १७८४मध्ये पिटने आपला इंडिया अ‍ॅक्ट आणला आणि लंडनमध्ये कंपनीवर देखरेख करणारं बोर्ड ऑफ कंट्रोल बसलं. पुढे १८१८ला पेशवाई बुडाली तेव्हा वर हेच बोर्ड होतं. फॉक्सचं बिल पास झालं असतं तर शनिवारवाड्यावरचा जरीपटका उतरला नसता, असा माझा अजिबात दावा नाही. उतरवणारे वेगळे असते, इतकंच.

---

चौथा_कोपरा

माफ करा, पण मला या बाईचं कौतुक वाटत नाही. कर्ज काढून फेरो खेळणारी सरदारीण, आणि आपण तिला लोकशाहीची आद्य कार्यकर्ती करून टाकली. ती फॉक्ससाठी फिरली कारण व्हिग म्हणजे तिच्या सासरचाच कुटुंबकबिला. राजाशी भांडण होतं ते सरदारांचं, खाटकाचं नव्हे.

आणि हे पैसे यायचे कुठून? शेतकऱ्यांच्या खंडातून. शिवाय स्टॅफर्डशरमध्ये एक्टनला ड्यूकची तांब्याची खाण होती. खाली पुरुष खणायचे, वर तोंडाशी बायका आणि पोरं दगड फोडून खनिज निवडायची. बक्सटनला ड्यूकने अर्धचंद्राकार देखणी इमारत उभी केली ती याच खाणीच्या नफ्यातून. डचेस एका रात्रीत हरायची तेवढ्यात या पोरांची किती वर्षं बसत असतील, याचा हिशेब करावा कुणीतरी.

---

मेथीकूट

खाणीचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. यावर खरं तर वेगळा धागा व्हावा. कौतुकाबद्दल थोडं सहमत. तिला स्त्रियांना मत हवं होतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही, तसा तिचा आग्रह नव्हताच. पण ‘सासरचा पक्ष’ एवढ्यावर भागत नाही. त्याच पक्षाचा तिचा नवरा घरी बसून होता. मांडवात उभं राहून शिव्या खाल्ल्या त्या तिने.

---

पेणकर_काकू

मला राजकारणातलं कळत नाही. सवतीला चोवीस वर्षं घरात ठेवून घेतलं म्हणजे काय? माहेर एवढं तालेवार, भाऊ मोठा सरदार. उठून का गेली नाही? आमच्या आत्येसासूबाई असल्या प्रकरणात लुगड्यानिशी निघून गेल्या होत्या, आणि त्यांच्या माहेरी तर धड छप्परही नव्हतं.

---

मेथीकूट

काकू, तुमच्या आत्येसासूबाईंना दंडवत.

उत्तर बेसकडेच आहे. ती नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा तिची दोन मुलं नवऱ्याने ठेवून घेतली. चौदा वर्षं तिला ती भेटली नाहीत. तेव्हाच्या इंग्लंडात मुलं बापाची. आईला लहान मुलांचा ताबा मागण्याची वाट पहिल्यांदा मिळाली १८३९मध्ये. बायकोचा पैसा नवऱ्याचा, हे बदललं १८८२च्या कायद्याने. पुरा घटस्फोट हवा तर संसदेत खास कायदा करून घ्यायचा. १८५७पर्यंत असा कायदा स्वतःच्या बाजूने मिळवलेल्या बायका देशभरात फक्त चार. जॉर्जियानाच्या समोर, स्वतःच्याच दिवाणखान्यात, घर सोडलेल्या बाईचं काय होतं याचा नमुना रोज बसलेला होता.

आणि एकदा तिच्यावर ही वेळ आलीच. १७९०मध्ये मुलगा झाला, वारस मिळाला, सगळे सुटले. पुढच्याच वर्षी तिला चार्ल्स ग्रेपासून दिवस गेले. ग्रे तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, व्हिगांचा उगवता तारा. ड्यूकने दोनच पर्याय ठेवले: ग्रेला आणि होणाऱ्या मुलाला सोड, नाहीतर घटस्फोट, आणि मग ही तिन्ही मुलं विसर. तिला देशाबाहेर पाठवलं. धाकटा तेव्हा दीड वर्षाचा. फेब्रुवारी १७९२मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये मुलगी झाली, एलायझा कोर्टनी. ती ग्रेच्या आईवडिलांकडे नॉर्थम्बरलंडला वाढली. जॉर्जियाना इंग्लंडात परतली ती १७९३मध्ये. त्याच प्रवासातल्या, आल्प्समधल्या सेंट गॉथर्ड घाटावर तिने एक दीर्घ कविता लिहिली, मुलांना उद्देशून. ती १७९९मध्ये छापून आल्यावर कवी कोलरिजने जॉर्जियानाला उद्देशून ओड (स्तुतिकाव्य) लिहिली.

ज्याच्यामुळे हे घडलं तो ग्रे १८३०ला पंतप्रधान झाला. मतदानाचा हक्क वाढवणारा १८३२चा रिफॉर्म अ‍ॅक्ट त्याच्याच सरकारचा.

---

पेणकर_काकू

मग ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण कळलं.

---

भरतीओहोटी

जाता जाता, मेथीकूटताईंच्या रद्दीतल्या त्या चित्राची स्वतंत्र कुंडली आहे.

गेन्सबरोने ते १७८५-८७च्या सुमारास रंगवलं. पुढे चॅट्सवर्थमधून ते नाहीसं झालं. १८३०च्या दशकात सापडलं ते एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या घरी, शेकोटीच्या वर टांगलेलं. जागा कमी पडत होती म्हणून बाईंनी डचेसचे पाय कापून टाकले होते! १८४१मध्ये त्यांनी ते ५६ पौंडांना विकलं. १८७६ला लिलावात त्याच चित्राला १०,१०० गिनी आल्या, तेव्हापर्यंतचा चित्राच्या लिलावातला विक्रमी आकडा. विकत घेणाऱ्या अ‍ॅग्न्यू कंपनीने लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर तिकीट लावून प्रदर्शन मांडलं. तीन आठवड्यांच्या आत, मेअखेरच्या एका रात्री, अ‍ॅडम वर्थ नावाच्या चोराने खिडकीतून शिरून कॅनव्हास चौकटीतून कापला आणि गुंडाळी करून पळाला.

विकता येईना, कारण अख्ख्या जगाला चेहरा माहीत. मग ठेवला सांभाळून, पंचवीस वर्षं. १९०१मध्ये शिकागोला पिंकर्टन डिटेक्टिव्हांच्या मध्यस्थीने पैसे घेऊन परत केला. मग तो बँकर जे. पी. मॉर्गनने घेतला. १९९४ला अकराव्या ड्यूकने लिलावात बोली लावून चॅट्सवर्थला परत आणला.

मूळ बाई कर्जापायी देशोधडीला लागता लागता राहिली, आणि चित्राने सगळ्यांचं भलं केलं.

---

शिळोप्या

पाय कापणाऱ्या बाई शिक्षिका होत्या हे वाचून आमच्या चित्रकलेच्या बाई आठवल्या. अधिक बोलत नाही.

---

रावेरचा_पाहुणा

मी इथे फक्त वाचणारा, पहिल्यांदा लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कॅव्हेंडिश नाव वाचलं आणि थबकलो. आमचा धंदा केळीचा. आजोबांच्या वेळेपासून शेतात बसराई. बुटकं झाड, वारावादळात त्यातल्या त्यात टिकणारं. कृषी खात्याच्या माहितीपत्रकात बसराईच्या पुढे ‘ड्वार्फ कॅव्हेंडिश’ असं लिहिलेलं असायचं. आता सगळीकडे टिश्यू कल्चरची जी-नाइन, म्हणजे ग्रँड नैन. तीही कॅव्हेंडिश गटातलीच. कधी विचारच केला नव्हता की हा कॅव्हेंडिश कोण.

शोधलं, तर या बाईंचा मुलगा निघाला! १७९०चा तो वारस, पुढे सहावा ड्यूक. लग्न केलं नाही, बागेत जीव रमवला. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन. चीनकडून मॉरिशसमार्गे आलेलं केळीचं रोप त्याने चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलं, १८३५मध्ये त्याला फूल आलं, पुढच्या वर्षी घड धरला, बागायती संस्थेचं पदक मिळालं. त्याने मालकाचं नाव केळीला देऊन टाकलं. तिथली रोपं पुढे पेटीत घालून मिशनऱ्यांनी पार सामोआ बेटांवर नेली.

आमच्याकडचं झाड चॅट्सवर्थहून आलं असं मी म्हणत नाही. नाव तेवढं तिथलं. पण काल संध्याकाळी बागेत पाणी सोडताना घडांकडे बघून हसू येत होतं. बायको म्हणाली, भाव वाढला का?

---

दौत_टाक

राघोबांचा माझा धागा मी मागे घेतो. हा प्रतिसाद धाग्याचा बाप आहे.

---

चौथा_कोपरा

+१. असं वाचायला इथे येतो. लिहीत राहा, पाहुणे.

---

शिळोप्या

म्हणजे बघा. चहाला नाव प्रियकराचं (अर्ल ग्रे तो हाच ना?). केळ्याला मुलाचं, म्हणजे पर्यायाने नवऱ्याच्या घराण्याचं. आणि ती तिरकी काळी टोपी तिने डोक्यावर घातली, लंडनभर चालवली, तरी इंग्रजीत तिला म्हणतात ‘गेन्सबरो हॅट’. चित्रकाराचं नाव!

---

मेथीकूट

हो, तोच ग्रे. टोपीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, शिळोप्या. हे आईला नक्की सांगते.

---

ट्रेंटकाठ

मी कामानिमित्त डर्बीजवळ राहते. धागा वाचून शनिवारी कॅथीड्रलला जाऊन आले. कॅव्हेंडिश घराण्याचं दफन तिथेच, खाली तळघरात. वर भिंतीशी मोठं थोरलं स्मारक आहे ते हार्डविकच्या बेसचं, म्हणजे घराण्याच्या मूळ पुरुषाचं म्हणा, फक्त ती बाई होती. सोळाव्या-सतराव्या शतकातली, चार लग्नं करून इस्टेट जमवलेली. तिचा पुतळा छान पहुडलेला आहे. जॉर्जियानासाठी असं काही डोळ्यात भरणारं दिसलं नाही.

तिचं शेवटचं वरती राहिलंय म्हणून लिहिते. १७९६मध्ये डोळ्याला भयंकर जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरांनी जळवा लावल्या आणि आणखी नको ते उपाय केले. एक डोळा गेला, चेहरा बिघडला. ज्या चेहऱ्यावर अख्खं शहर चालत होतं तो गेल्यावर ही बाई घरात बसून रसायनशास्त्र आणि खनिजं शिकली. हायड्रोजनवाले हेन्री कॅव्हेंडिश सासरच्याच नात्यातले, त्यांची प्रयोगशाळाही बघून आली. तिने जमवलेले दगड चॅट्सवर्थमध्ये आहेत, मी मागच्या उन्हाळ्यात पाहिले होते. तेव्हा कुणाचे ते माहीत नव्हतं, नुसती पुढे सरकले होते. राजकारणही सुटलं नव्हतं. १८०६च्या जानेवारीत पिट वारला, फॉक्स पुन्हा मंत्रिमंडळात आला, आणि त्या सरकारची जुळवाजुळव डेव्हनशर हाउसमध्ये चालली होती. दोन महिन्यांत, ३० मार्च १८०६ला ती गेली. अठ्ठेचाळीस वर्षांची. यकृतात गळू झालं होतं.

बेस फॉस्टरने तीन वर्षांनी ड्यूकशी लग्न केलं. ती रोमला वारली १८२४मध्ये. तारीख ३० मार्च.

---

पेणकर_काकू

तारीखसुद्धा सोडली नाही हो तिची.